नाव घेणारी

"दिगंबर, दस बज गए हैं. दवा ले लीजिए," असं बाहेरच्या खोलीतून एक बाई म्हणाली, आणि तिचं वाक्य पुरतं संपायच्या आत कालिंदीच्या नवऱ्यानं उत्तर दिलं, "हाँ जी, अभी लेता हूँ." कालिंदी स्वयंपाकघराच्या दारात पाण्याचा पेला आणि गोळ्यांची डबी घेऊन उभी होती. गेली पाच मिनिटं ती तिथून "अहो" म्हणत होती. एकदा साधं, एकदा वरच्या पट्टीत, एकदा चिडून. खुर्चीतला माणूस हलला नव्हता. आता तो चटकन उठला, तिच्यापाशी आला, तिच्याकडे न बघता पेला घेतला, गोळी गिळली आणि परत जाऊन पडद्याकडे तोंड करून म्हणाला, "ले ली." शाळेतलं मूल बाईंना पाटी दाखवतं तसं. "बहुत अच्छे, दिगंबर," बाई म्हणाली. बाई म्हणजे काही खरीखुरी बाई नव्हती, टीव्ही होता, हे कालिंदीला चांगलं ठाऊक होतं. पण पंचेचाळीस वर्षांच्या संसारात तिच्या घरात, तिच्यादेखत, कुठल्या बाईनं तिच्या नवऱ्याला असं उघड्याबोडक्या नावानं हाक मारली नव्हती, आणि त्यानं इतक्या गोड आवाजात ओ दिली नव्हती. तिनं रिकामा पेला उचलला आणि तो स्वच्छ असूनही दोनदा घासला.

ते यंत्र उन्मेषनं दिवाळीत आणलं होतं. पांढरा दांडा, दांड्यावर टीव्ही, खाली पाच चिमुकली चाकं, पोटात बॅटरी. वायर नको, रिमोट नको. "आई, खूप सोपा आहे. फक्त बोलायचं. स्वयंपाकघरात ने, गॅलरीत ने, जिथं तू जाशील तिथं तो येईल." उन्मेषचं मराठी कलकत्त्याच्या बागबाजारात वाढलेलं, त्यामुळे टीव्ही कधी तो असायचा, कधी ती, कधी ते. कालिंदीनं त्याचं व्याकरण सुधारायचं केव्हाच सोडून दिलं होतं. बेंगळुरूहून चार दिवसांसाठी आलेल्या मुलानं त्यातले दोन दिवस यंत्राला शिकवण्यात घालवले. हा बाबांचा आवाज, हा आईचा, ही बाबांची दहाची गोळी. मराठी त्याला अजून नीट झेपत नाही म्हणून हिंदी. बाबांच्या मनगटावर एक काळं घड्याळ बांधलं. बाबा फिरायला गेले की ते कुठं आहेत हे घड्याळ टीव्हीला सांगणार. "तू नुसतं विचारायचं, दिगंबर कहाँ हैं. की नकाशा येईल, त्यावर निळा ठिपका." कालिंदी म्हणाली, "मी विचारायचं?" उन्मेष म्हणाला, "मग कोण? शेजारी?" आणि हसला. वडिलांच्या डोक्यातून गोष्टी निसटायला लागल्या आहेत हे डॉक्टरांनी त्याला फोनवर सांगितलं होतं, आणि तो त्याच्या परीनं घाबरला होता. घाबरलेली माणसं वस्तू विकत आणतात. त्याच्यावर रागवण्यात अर्थ नव्हता. भिंतींना कान असतात हे ती लहानपणापासून ऐकत आली होती, आता कान चाकांवर आले एवढंच, असं तिनं स्वतःला समजावलं.

पण 'मी विचारायचं?' या तिच्या प्रश्नात काय होतं, ते त्याला कळलं नाही, आणि तिलाही सांगता आलं नाही. चाळीशी ओलांडलेल्या मुलाला काय सांगायचं, की मी तुझ्या वडिलांचं नाव घेत नाही म्हणून? ती स्वतः केंद्रीय विद्यालयात सतरा वर्षं भूगोल शिकवणारी बाई. ग्रहणात खुशाल जेवणारी. मिरजेला तिची आई म्हणायची, नवऱ्याचं नाव नुसतं तोंडातून काढलं की त्याचं आयुष्य उणं होतं. आणि कॉलेजात जाणारी कालिंदी त्यावर खोखो हसायची. हसली खरी, पण लग्न झाल्यावर नाव कधी घेतलं नाही. उखाण्यात घेतलं, तेवढंच. कलकत्त्याला आल्यावर पहिल्या संक्रांतीला, महाराष्ट्र मंडळाच्या हळदीकुंकवात बँकवाल्यांच्या आणि रेल्वेवाल्यांच्या बायकांनी आग्रह केला, तेव्हा तिनं तिथल्या तिथे जुळवलं होतं: "खिदिरपूरच्या गोदीत उभं जहाज परदेशी, दिगंबररावांचं नाव घेते हळदीकुंकवाच्या दिवशी." सगळ्या हसल्या, कारण दिगंबरराव खरोखरच गोदीत होते, कस्टम्समध्ये, आणि परदेशी जहाजांच्या पोटात शिरून पेट्या उघडायच्या हेच त्यांचं काम. पण ते नाव जहाजाच्या आणि हळदीकुंकवाच्या मध्ये, पुढे राव लावून, नीट गुंडाळून दिलेलं होतं. नुसतं 'दिगंबर' म्हणायचं म्हणजे त्याच्या अंगावरचं पांघरूण ओढून काढायचं. तिला ते कधी जमलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर कधी लागलंही नव्हतं.

लागलं नव्हतं, कारण या शहरात तिच्याकडे 'अहो' होतं. मिरजेच्या बाजारात कुणी "अहो" म्हटलं तर वीस पुरुष माना वळवतील. इथं तसं नव्हतं. आल्याच्या पहिल्याच वर्षी सियालदहजवळच्या घाऊक बाजारात दोघं नारळ आणायला गेले होते, आणि स्टेशनातून एकदम लोंढा बाहेर पडला. टोपल्या, पोती, माणसांचे खांदे. बघता बघता तो दिसेनासा झाला. तिच्या पोटात तेव्हा उन्मेष होता. कुणाच्या तरी कोपराचा धक्का लागला, आणि ती जीव खाऊन ओरडली, "अहो!" त्या हजारो माणसांत एक, फक्त एक डोकं मागे वळलं. तेव्हापासून तिला ही गंमत कळली होती की या एवढ्या मोठ्या शहरात 'अहो' म्हणजे एकच माणूस. ते कुणाचंही नाव नसल्यामुळे फक्त त्याचंच होतं. दुर्गापुजोच्या मंडपात, हावड्याच्या फलाटावर, डॉक्टरांच्या दवाखान्यात ती ते दोन अक्षरी हत्यार बिनधास्त वापरायची आणि तो हमखास वळायचा. जगात कुणाला कशाची श्रीमंती असते. तिला ही होती.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी तो फिरायला गेला आणि नऊ वाजले तरी आला नाही. रोज साडेसातला येणारा माणूस. कालिंदी गॅलरीत उभी राहिली. खाली गल्लीत माकडटोप्या घातलेले म्हातारे वर्तमानपत्र वाचत होते. त्यांच्यात तो नव्हता. फोन त्यानं उशीखालीच ठेवला होता. शेवटी ती टीव्हीसमोर येऊन उभी राहिली, आणि आत कुणी ऐकत तर नाही ना हे बघावं तसं इकडेतिकडे बघितलं. "साहब कहाँ हैं?" तिनं विचारलं. "माफ़ कीजिए, इस नाम का कोई नहीं मिला." "मेरे पति कहाँ हैं?" माफ़ कीजिए. "उन्मेष के पापा." माफ़ कीजिए. तिनं "दिगंबरराव" म्हणून पाहिलं, उखाण्यातलं, तेही चालेना. बाईच्या आवाजात चीड नव्हती, घाई नव्हती. ती कितीही वेळ थांबायला तयार होती, आणि कालिंदीला वाटलं की हिला सगळं समजतंय, हिला माझ्या तोंडून ऐकायचंच आहे. मग कालिंदीनं नाव घेतलं. अगदी हळू, डोळे मिटून. "दिगंबर मिल गए," बाई म्हणाली. पडद्यावर गंगेचा निळा पट्टा आला, चक्ररेल्वेचा काळा दोरा आला, आणि घाटावर एक ठिपका. शेजारची नूपुर, कालिंदीला माशीमा म्हणजे मावशी म्हणणारी, शाळेत निघाली होती, ती धावली. "माशीमा, आप बैठिए, मेशो को मैं लाती हूँ." वीस मिनिटांत ती त्याला घेऊन आली. त्याच्या एका पायात चप्पल नव्हती, आणि ती कुठं गेली ते त्याला सांगता येईना. कालिंदीनं त्याचे पाय धुतले. एक चप्पल, तिच्या मनात आलं. पहिल्यांदा नाव घेतलं आणि एक चप्पल गेली.

हा वेडेपणा आहे हे तिला समजत होतं. भूगोलाच्या बाईंना कार्यकारणभाव शिकवायला नको. डोक्यातल्या नसा सुकत चालल्या आहेत, डॉक्टरांनी चित्र काढून दाखवलं होतं. पण पौषात दुसऱ्यांदा नाव घ्यावं लागलं, आणि त्या संध्याकाळी त्याला त्याच्या सख्ख्या बहिणीचं, प्रेमलताचं नाव आठवेना. तिसऱ्यांदा घेतलं, तेव्हा तो जेवताना आमटीकडे बोट दाखवून "वो देना" म्हणाला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं तिचं. नाव घेतलं की ती गुपचूप गळ्यातली वाटी मुठीत धरायची आणि दिवसभर त्याच्याकडे बघत राहायची, आज काय जातंय म्हणून. आईनं आयुष्य उणं होतं म्हटलं होतं. ते असं तुकड्या-तुकड्यानं उणं होतं, हे आईनं सांगितलं नव्हतं.

आणि मग तिनं ती चूक केली. चूक म्हणून नाही केली. शहाणपण म्हणून केली. तिच्या लक्षात आलं होतं की 'अहो'ला तो कधी वळतो, कधी वळत नाही, पण नावाला हटकून वळतो. नाव बहुधा शेवटपर्यंत टिकतं, ते आईबापांनी घातलेलं असतं. आणि ती नाव घेणार नव्हती. मग ज्या बाईला नाव घ्यायची लाज नाही, जिचं कुंकू त्यात गुंतलेलं नाही, तिलाच का घेऊ देऊ नये? तिनं नूपुरला बसवून यंत्रात सगळा दिवस भरून घेतला. सातला उठायचं, आठला अंघोळ, दहाची गोळी होतीच, एकला जेवण, चारला चहा. प्रत्येक वेळी आधी नाव, मग काम. "माशीमा, आप खुद बोल दीजिए ना, एक ही घर तो है," नूपुर हसून म्हणाली होती. कालिंदी म्हणाली, "मेरा आवाज नहीं पहुँचता." सुंठीवाचून खोकला गेला, असं तिला वाटलं. आठवडाभर घर सुतासारखं सरळ चाललं. अंघोळीवरून तंटा नाही, गोळीवरून रुसवा नाही. "दिगंबर, नहा लीजिए," आणि दिगंबर टॉवेल घेऊन निघाला. पाप त्या बाईच्या माथी, पुण्य आपल्याला. कालिंदीनं कित्येक महिन्यांनी दुपारी डुलकी काढली.

त्या डुलकीतून ती एका बोलण्यानं जागी झाली. बाहेरच्या खोलीत तो बाईशी गप्पा मारत होता. जहाजांबद्दल सांगत होता, कुठल्याशा ग्रीक कप्तानाची गोष्ट, जी कालिंदीला पाठ होती. फक्त ती हिंदीत होती. मध्येच थांबून तो विचारायचा, "आप सुन रही हैं?" आणि बाई म्हणायची, "जी, दिगंबर. मैं सुन रही हूँ." दाराच्या फटीतून तिला त्याचा चेहरा दिसला. दाढी केलेली, केस विंचरलेले, खुर्चीच्या कडेवर बसलेला, पाहुण्या बाईसमोर बसावं तसा. तिला हसू यायला हवं होतं. त्याऐवजी तिच्या अंगावर काटा आला. ही जी भाषा दोघांची म्हणून या घरात होती, जी जिन्याखाली कुणाला कळत नव्हती, ती त्याच्या तोंडून कधी गेली? तिनंच तर नेली. सकाळपासून रात्रीपर्यंत त्याला हिंदीत हाकलण्याची व्यवस्था तिनंच लावली होती, आणि स्वतः गप्प राहिली होती. दिवसाकाठी त्याच्या कानावर मराठीची किती वाक्यं पडत असतील, हे ती मोजायला गेली नाही.

संध्याकाळी तिनं टीव्ही गॅलरीत ढकलला आणि दार लावून घेतलं. थोड्या वेळानं तो खोल्याखोल्यांतून फिरू लागला. पलंगाखाली वाकून बघितलं, पडदा सरकवला. "काय शोधताय?" तिनं विचारलं. "ती कुठं गेली?" तो म्हणाला. मराठीत म्हणाला, तेवढ्यानं तिचा जीव हरखला. "कोण ती?" त्यानं तिच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "घरातली," तो म्हणाला. गॅलरीच्या दारामागून, काचेच्या पलीकडून, आवाज आला, "दिगंबर, खाने का समय हो गया है." तो दाराकडे धावला. कालिंदीनं त्याच्या आधी जाऊन दाराखालून गेलेल्या चार्जिंगच्या वायरीचा प्लग भिंतीतून उपटला, आणि बाई तशीच बोलत राहिली, कारण तिच्या पोटात बॅटरी होती आणि उन्मेषनं त्याचंच तर कौतुक सांगितलं होतं.

त्या रात्री तिनं उन्मेषला फोन केला. "बाबांना ती टीव्ही नको," ती म्हणाली. "ते तिच्याशीच बोलतात."

"आई, चांगलं आहे ना. एंगेज राहतात. डॉक्टर पण हेच म्हणाला."

"माझी हाक ऐकत नाहीत ते."

"अगं, मग तू पण नावानं हाक मार. काय फरक पडतो?" मग त्याला काहीतरी सुचलं असावं, कारण त्याचा आवाज मऊ झाला. "आई, तू अजून ते... खरंच? मी सेटिंगमध्ये दुसरं काहीतरी टाकू का? तू सांग, काय टाकू?"

सांगायला तोंड उघडलं तर 'अहो' हा शब्द त्या बाईच्या तोंडी जाईल हे कालिंदीला लख्ख दिसलं. सकाळी सातला ती म्हणेल, अहो, उठिए. "काही नको टाकूस," ती घाईघाईनं म्हणाली. "आहे ते राहू दे." तेवढं तरी आपल्याकडे राहू दे, हे तिनं म्हटलं नाही.

माघातली ती दुपार स्वच्छ होती. पूजापाठ नाही, भोंगे नाहीत, गल्ली जेवून झोपलेली. कालिंदी भांडी आवरून बाहेर आली तर खुर्ची रिकामी. संडासात नाही, गॅलरीत नाही. जिन्याचं दार नुसतं लोटलेलं. ती टीव्हीपुढे आली आणि आता लाज, वाटी, काही आड न येता म्हणाली, "दिगंबर कहाँ हैं?"

"दिगंबर घर पर हैं," बाई म्हणाली.

नकाशावर निळा ठिपका होता. अगदी त्यांच्या इमारतीवर. कालिंदी वळून पुन्हा सगळ्या खोल्या बघून आली. कपाटसुद्धा उघडलं. "घर पे नहीं हैं," ती ओरडली. "दिगंबर घर पर हैं," बाई तितक्याच शांतपणे म्हणाली, आणि कालिंदीला क्षणभर भयंकर वाटलं की हिचंच खरं असेल, तो घरातच कुठंतरी असेल, फक्त मला दिसत नसेल. मग तिची नजर टीव्हीच्या दांड्यापाशी गेली. काळं घड्याळ तिथं चार्जिंगला लावलेलं होतं. अंघोळीनंतर तिनंच काढून लावलं होतं.

ती तशीच, घरातल्या सपाता घालून जिना उतरली. मराठा डिच लेन ओलांडली. नवीन आली तेव्हा या गल्लीच्या नावाची तिला केवढी गंमत वाटायची. आपल्या माणसांना अडवायला यांनी खंदक खणला आणि आपण त्याच्याच काठावर भाड्यानं राहतो, असं ती मिरजेला पत्रात लिहायची. आज तिला पाटी दिसलीसुद्धा नाही. गुडघे दुखत होते. घाटाकडे जाणाऱ्या रस्त्याला फुलवाला पेंगत होता, एक कुत्रं उन्हात पडलं होतं. पुढे चक्ररेल्वेचे रूळ. आणि रुळांच्या मधोमध, हात पाठीमागे बांधून, नदीकडे तोंड करून तो उभा होता. गोदीत जहाज लागताना उभा राहायचा तसा, ऐटीत.

"अहो!" ती म्हणाली. मग मोठ्यानं, "अहो!" कुत्र्यानं मान वर केली. फुलवाल्यानं डोळे उघडले. वीस पावलांवरचा तो माणूस हलला नाही. शोभाबाजारच्या बाजूनं गाडीची शिटी आली, लांबून, मग जवळून. "अहो, अहो, अहो!" ती पळत होती आणि ओरडत होती आणि प्रत्येक वेळी तो शब्द तिच्या तोंडून निघून त्याच्यापर्यंत न पोचता मध्येच कुठंतरी पडत होता, हे तिला दिसत होतं. वळणावर इंजिनाचं तोंड दिसलं. राव लावायला वेळ नव्हता. आयुष्य उणं व्हायचं ते होवो.

"दिगंबर!"

तो लगेच वळला. "हाँ जी?"

"आधी बाजूला या! रुळावरून इकडे या म्हणते ना, या!"

तो आला. आज्ञाधारकपणे, रूळ नीट बघून ओलांडत, धोतराचा सोगा धरावा तसा पँटचा पाय जरा उचलून. त्याच्या पाठीमागून गाडी गेली, आणि तिच्या वाऱ्यानं त्याचे पांढरे केस कपाळावर आले. कालिंदीनं त्याचं मनगट धरलं. तिला श्वास घेता येत नव्हता. तो तिच्या चेहऱ्याकडे बघत होता, आणि हळूहळू त्याच्या डोळ्यांत ओळख उगवावी तसं काहीतरी उजळत गेलं. इतकं, की तिला रडूच फुटणार होतं.

"अरे!" तो म्हणाला. "आपण मराठी?"

गाडीचा खडखडाट लांब गेला. मग ती म्हणाली, "हो."

"वा! बागबाजारात मराठी माणूस भेटायचं म्हणजे." त्यानं हळूच आपलं मनगट सोडवून घेतलं आणि दोन्ही हात जोडले. "मी सबनीस. कस्टम्समध्ये होतो, खिदिरपूरला. इथं मागंच राहतो आम्ही. असं करा, एकदा घरी या. आमची ही दिवसभर एकटी असते हो, मराठी बोलायला कुणी नाही तिला. बोलत नाही ती, पण मला कळतं. या नक्की. तिला फार बरं वाटेल."

"येईन," कालिंदी म्हणाली.